अर्ज ड्युटीवरच लिहिला जातो

मिरजेपासून कराडमार्गे साताऱ्यापर्यंतचा पट्टा दवाखान्यांसाठी ओळखला जातो. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उघडले आणि तेव्हापासून कोकणातून, सोलापूरकडून, उत्तर कर्नाटकातून रुग्ण इकडे येत राहिले. आज मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, वानलेसवाडीचे भारती हॉस्पिटल, कराडचे कृष्णा हॉस्पिटल, साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय आणि तालुक्यातालुक्यांतली वीस-तीस खाटांची खासगी रुग्णालये असा मोठा पसारा आहे. त्याच्याबरोबर परिचर्या महाविद्यालयेही वाढली. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली, आणि आता मुलगेही, दरवर्षी तिथून बाहेर पडतात आणि अर्ज करू लागतात. हे अर्ज बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानात तयार होतात. दुकानदाराच्या संगणकावर एक बायोडाटा आधीच असतो. नाव, पत्ता, टक्केवारी बदलली की दुसरीचा अर्ज तयार. वर एक उद्दिष्ट असते, की नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा व संस्थेचा विकास साधायचा आहे. खाली गुणांची यादी असते: मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, शिकण्याची आवड. ही मुलगी रात्रपाळीला काय करते, तिने कोणते रुग्ण सांभाळले आहेत, तिच्या हाती वॉर्ड सोपवता येईल का, याचा त्यात मागमूस नसतो.

हे सुधारावे की सोडून द्यावे, यावर नर्सिंगच्या वर्तुळातच दोन मते आहेत. ती समोरासमोर आणण्यासाठी इथे दोन व्यक्ती कल्पिल्या आहेत. एक आहेत शासकीय रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झालेल्या सिस्टर, दुसरे आहेत परिचर्या महाविद्यालयात शिकवणारे सर. माणसे कल्पित असली तरी त्यांची मते वॉर्डात आणि वर्गात रोज ऐकू येणारी आहेत. माझा स्वतःचा कल सरांकडे आहे, हे आधीच सांगतो. पण सिस्टरांचे आक्षेप असे आहेत की त्यांना उत्तर दिल्याशिवाय सरांचे म्हणणे पुरे होत नाही, आणि दोन ठिकाणी तर ते सिस्टरांनीच पुरे केले आहे.

सिस्टर : सर, तुम्ही मुलींना अर्ज लिहायला शिकवण्यात तास घालवता, तो वेळ त्यांनी अभ्यासाला दिला तर जास्त फायदा होईल. सरकारी भरतीत अर्ज म्हणजे ऑनलाइन रकाने. २०२३ साली वैद्यकीय शिक्षण विभागानं अधिपरिचारिकांची भरती काढली, ती संगणकावरच्या परीक्षेवर झाली. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि नर्सिंगचे प्रश्न. गुण पडले तिला नोकरी लागली, तिनं अर्जात काय लिहिलं होतं ते कुणी विचारलं नाही. खासगीत तर अर्ज नंतर येतो, आधी फोन येतो. एक मेट्रन दुसरीला विचारते, तुमच्याकडं होती ती पोरगी कशी आहे? रात्री झोपते का? रुग्णाच्या नातेवाइकांशी नीट बोलते का? एवढ्यावर काम होतं. पूर्वी मिरज मिशनला शिकली आहे असं सांगितलं की पुढचं काही बघायला लागायचं नाही. आणि आता तर परिस्थिती अशी आहे की माणसं मिळत नाहीत म्हणून लहान हॉस्पिटलं दारावर पाटी लावतात. जिथं मालकालाच गरज आहे तिथं चांगल्या अर्जाचं काय काम?

सर : परीक्षा निवड करते हे मान्य, सिस्टर. पण परीक्षेला बसता येईल की नाही, हे कोण ठरवतं? एम्सची नॉरसेट परीक्षा २०२० पासून सुरू आहे. बी.एस्सी. झालेल्या मुलीला तिथं अनुभवाची अट नाही. जीएनएम झालेलीला मात्र किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा. आपल्याकडच्या जीएनएमच्या कितीतरी मुली विट्याला, तासगावला, कोरेगावला, फलटणला लहान हॉस्पिटलात तीन-तीन वर्षं काढतात आणि मग त्यांना कळतं की ही वर्षं तिथं मोजलीच जाणार नाहीत. काहींनी साठ खाटांच्या ठिकाणी काम केलेलं असतं, पण प्रमाणपत्रावर खाटांचा आकडा नसतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांचं बघा. जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत बऱ्याचदा गुणांकन दिलेलं असतं; शेवटच्या वर्षाचे गुण, जादा शिक्षण आणि अनुभवाची वर्षं यांना वेगवेगळे गुण. अनुभव आहे पण कागद नाही, तर ते गुण गेले. मी मुलींना सजवून लिहायला शिकवत नाही. कोणता कागद कुठं लागतो, तो आज मागून ठेवला नाही तर उद्या काय होतं, हे शिकवतो.

इथे सरांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. आपण अर्ज म्हणजे एक पानभर मजकूर समजतो. नर्सिंगमध्ये अर्ज म्हणजे कागदांचा एक संच असतो आणि त्यातल्या प्रत्येक कागदाने दुसऱ्याला दुजोरा द्यावा लागतो. शासकीय भरतीत परीक्षेनंतर कागदपत्र पडताळणी असते आणि गुणवत्ता यादीत आलेली मुलगी तिथे अडकू शकते. सर्वांत जास्त अडचण नावाची. दहावीचे प्रमाणपत्र, परिचर्या मंडळाची किंवा आरोग्य विद्यापीठाची गुणपत्रिका आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने असते. लग्नानंतर आधार, बँकेचे पासबुक आणि अनुभवाचे प्रमाणपत्र सासरच्या नावाने होते. मध्ये विवाह नोंदणीचा दाखला नसतो, राजपत्रातली नावबदलाची नोंद नसते, परिषदेकडे नाव बदलून घेतलेले नसते. मग एकाच मुलीचे कागद दोन बायकांचे वाटतात. अधिवास, जातवैधता, नॉन क्रीमी लेअर या दाखल्यांचेही तसेच. नॉन क्रीमी लेअरची मुदत जाहिरातीतल्या तारखेला चालू आहे की नाही हे त्या दिवशी बघून उपयोग नसतो, कारण तो दाखला एका दिवसात मिळत नाही. परीक्षेच्या अभ्यासाइतकेच हे कागद जुळवणे म्हणजे नोकरीची तयारी आहे आणि ते शिकवण्याची जागा नर्सिंग कॉलेजचे शेवटचे वर्ष हीच आहे. सिस्टरांचा पहिला आक्षेप त्यामुळे निम्मा गळून पडतो. उरलेला निम्मा, म्हणजे मजकुराचे काय, तो मात्र उभा राहतो आणि सिस्टर तो सोडत नाहीत.

सिस्टर : कागदांचं पटलं. पण तुम्ही मुलींना स्वतःबद्दल लिहायला लावता, ते मला खटकतं. वॉर्डातलं काम एकटीचं नसतं. डॉक्टर असतात, दुसरी सिस्टर असते, मावशी असते, वॉर्डबॉय असतो. त्यात एकीनं 'मी अमुक केलं, मी तमुक केलं' असं लिहायचं म्हणजे बाकीच्यांचं श्रेय घेतल्यासारखं होतं. आमच्या पिढीला शिकवलं ते हे, की सेवा करावी आणि बोलू नये. सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे आपल्या साताऱ्याच्याच. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्यांनी कुठं स्वतःचा बायोडाटा लिहिला होता?

सर : सावित्रीबाईंचं काम आपल्याला कळलं, कारण लोकांनी ते लिहून ठेवलं, सिस्टर. तुमच्या वॉर्डातल्या मुलीचं काम कोण लिहून ठेवतं? ती सोडून दुसरं कुणी नाही. आणि तुम्ही म्हणता ती आत्मस्तुती आजच्या अर्जांत आधीच खच्चून भरलेली आहे. मेहनती, प्रामाणिक, जबाबदार, ही सगळी स्वतःची स्तुतीच आहे आणि तिला पुरावा काही नाही. मी ती काढायला सांगतो आणि त्या जागी केलेलं काम लिहायला सांगतो. एक नमुना बघा. 'मला आणीबाणीच्या परिस्थितीत काम करण्याचा अनुभव आहे', हे वाक्य खोडायचं. त्याऐवजी असं लिहायचं: 'तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण सांभाळले. प्रतिविष सुरू झाल्यावर पहिल्या तासात रुग्णाजवळ थांबून नाडी, रक्तदाब, श्वास आणि अंगावरचे पुरळ पाहून नोंदवले; रिअ‍ॅक्शनची लक्षणे दिसताच सलाईन थांबवून डॉक्टरांना कळवले.' यात स्वतःबद्दल एकही विशेषण नाही. पण शिराळ्याकडं, पाटणकडं, जावळीत काम करणाऱ्या परिचारिकेला खरोखर काय येतं ते यातून दिसतं.

सिस्टर : हे वाचून मी त्या मुलीला बोलावीन, एवढं कबूल करते. पण बोलावल्यावर विचारीन काय ते ऐका. प्रतिविष द्यायचं की नाही हे ठरवायला वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात. मी विचारीन, रक्त कशात घेतलंस? तिनं काचेची, नवी, कोरडी नळी म्हटलं पाहिजे. प्लास्टिकची म्हणाली तर तिनं चाचणी केलेली नाही. मग विचारीन, वीस मिनिटं नळीचं काय केलंस? न हलवता उभी ठेवली, मग एकदाच तिरकी करून पाहिली, असं आलं पाहिजे. पुढं विचारीन, प्रतिविष लावण्याआधी कोणतं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलंस? अ‍ॅड्रेनलिन म्हणाली तर तिनं खरंच त्या रुग्णाजवळ रात्र काढली आहे. तुमच्या वाक्यात ही चाचणी नाहीच. चांगलं वाक्य लिहिणारी मुलगी आणि चांगलं काम करणारी मुलगी एकच असेल कशावरून?

सिस्टरांनी आक्षेप घेता घेता चांगल्या अर्जाची कसोटीच सांगून टाकली. मुलाखत घेणारी व्यक्ती जाणकार असेल तर ती अर्जातल्या वाक्यावर बोट ठेवते आणि त्याच्या खाली किती खोल जाता येते ते बघते. 'मेहनती' या शब्दावर असा प्रश्न विचारताच येत नाही, म्हणून तो निरुपयोगी. सर्पदंशाच्या वाक्यावर तीन प्रश्न विचारता आले, म्हणून ते वाक्य कामाचे. जी परिचारिका आपल्या अर्जात पाच अशी वाक्ये लिहिते ती मुलाखतीचा विषय स्वतः निवडते; तिला जे येते त्याबद्दल तिला विचारले जाते. ज्या मुलीने नुसते गुण लिहिले, तिला मुलाखतकार आपल्या मनाने कुठलाही प्रश्न विचारतो, आणि ती बिथरली तर दोष तिच्या ज्ञानाला लागतो. चांगले वाक्य आणि चांगले काम एकच असतील याची हमी नाही, हे सिस्टरांचे म्हणणे बरोबर आहे. पण नेमके लिहिलेले खोटे लवकर पकडले जाते आणि मोघम लिहिलेले खोटे कधीच पकडले जात नाही. तेव्हा प्रामाणिक मुलीला नेमकेपणाची भीती नाही. तिने फक्त एक पथ्य पाळायचे: स्वतः केलेले, देखरेखीखाली केलेले आणि शेजारी उभे राहून पाहिलेले हे तिन्ही वेगळे लिहायचे. इंटर्नशिपमध्ये तीन प्रसूती स्वतः केल्या आणि दहा पाहिल्या असतील तर तसेच लिहावे. तेरा लिहिणारी लेबर रूममध्ये पहिल्याच रात्री अडचणीत येते आणि तिच्याबरोबर एक बाळंतीणही.

याच ठिकाणी दुसरा एक धोका आहे. नेमके लिहायचे म्हणून रुग्णाची ओळख उघडी पडता कामा नये. तालुक्याच्या गावी 'अमुक महिन्यात अमुक वाडीचा विष प्यालेला तरुण' एवढे लिहिले तरी सगळ्यांना माणूस कळतो. गावाचे नाव, तारीख, नात्यातली माहिती, मोबाइलवर काढलेला वॉर्डातला फोटो, यांतले काहीही अर्जात येऊ नये. कोणत्या प्रकारचा रुग्ण, कोणता विभाग, आपले काम काय, इतके पुरे.

सिस्टर : बरं, एकटीनं श्रेय घ्यायचं नाही, माझा तो मुद्दा राहिलाच.

सर : तो अर्जात बसतो. 'रात्रपाळीला आम्ही दोघी परिचारिका होतो, अठ्ठावीस रुग्ण होते. गंभीर चार रुग्णांची जबाबदारी माझ्याकडे होती' असं लिहिलं तर श्रेयही वाटलं जातं आणि कामाचा बोजाही कळतो. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागं एक परिचारिका आणि साध्या रुग्णालयात पाचांमागं एक असं आहे. ते कुठं पाळलं जातं आणि कुठं नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ज्या मुलीनं चौदा रुग्णांमागं एक अशा वॉर्डात चार्ट वेळेवर भरले, औषधं चुकू दिली नाहीत, तिची कर्तबगारी त्या आकड्याशिवाय समजतच नाही. २०२० च्या मार्चमध्ये इस्लामपूरचे पहिले कोविड रुग्ण मिरजेच्या शासकीय रुग्णालयात आले. त्यानंतरच्या दोन वर्षांत सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत शेकडो मुलींनी कंत्राटावर काम केलं. त्या अर्जात लिहितात, 'कोविड योद्धा म्हणून कार्य केले'. सोबत सन्मानपत्राची झेरॉक्स. ऑक्सिजनचा प्रवाह कसा वाढवला-कमी केला, रुग्णाला पालथं झोपवताना नळ्या कशा सांभाळल्या, पीपीई घालून किती तासांची पाळी केली, नातेवाइकांना फोनवर रोज काय सांगितलं, यातलं एक अक्षर नसतं. सन्मानपत्र सगळ्यांना मिळालं. काम प्रत्येकीचं वेगळं होतं.

सिस्टर थोड्या वेळाने ज्या मुद्द्याकडे वळतात तो या चर्चेचा गाभा आहे, असे मला वाटते. त्यांचे म्हणणे असे, की आपण सगळा भार मुलीवर टाकतो आहोत.

सिस्टर : तुम्ही म्हणता कागद आज मागून ठेवा. मागून मिळतो का तो? खासगी हॉस्पिटल सोडताना मुलगी अनुभवाचं प्रमाणपत्र मागायला जाते तेव्हा तिला सांगतात, दोन महिने आधी नोटीस का दिली नाहीस? कुठं मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवलेल्या असतात. कुठं पगार हातात रोख देतात, त्यामुळं बँकेत नोंद नाही आणि भविष्य निर्वाह निधीचा तर प्रश्नच नाही. प्रमाणपत्र मिळालंच तर दोन ओळींचं. 'सदर परिचारिका आमच्याकडे कामास होती, वर्तणूक चांगली.' कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या वॉर्डात, खाटा किती, काही नाही. आता ही मुलगी तुमच्या वर्गात कितीही शिकली तरी काय लिहिणार? तिच्या अर्जाचा निम्मा भाग तिच्या मालकाच्या टेबलाच्या खणात असतो. मुलींना शिकवण्याआधी हॉस्पिटलांना शिकवा.

या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही आणि देण्याचा प्रयत्नही करू नये. परिचारिकेचा अनुभव हा तिचा आहे. त्याचा दाखला देणे हा उपकार नाही. एक साधे प्रमाणपत्र किती मोठे काम करते ते बघा. त्यावर रुग्णालयाचे नाव व नोंदणी क्रमांक, मंजूर खाटा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदनाम, पूर्णवेळ की अर्धवेळ, कोणत्या विभागात किती काळ, परिचर्या परिषदेचा तिचा नोंदणी क्रमांक, आणि सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, दूरध्वनी एवढे असले की ते नॉरसेटला चालते, आरोग्य अभियानाला चालते आणि परदेशातही चालते. हे छापील नमुन्यात भरायला दहा मिनिटे लागतात. सांगली-मिरजेत आणि साताऱ्यात डॉक्टरांच्या संघटना मजबूत आहेत, परिचर्या महाविद्यालयांचे रुग्णालयांशी प्रशिक्षणाचे करार असतात. महाविद्यालयाने करार करताना हा नमुना त्यात जोडला तर पाच वर्षांत या पट्ट्यातल्या दोन ओळींच्या प्रमाणपत्रांची प्रथा बदलू शकते. परिचारिका टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या रुग्णालयांनी हेही लक्षात घ्यावे, की जिथून जाताना नीट कागद मिळतो तिथे मुली यायला तयार असतात आणि शेवटपर्यंत नीट काम करतात. अडकवून ठेवलेल्या गुणपत्रिकेने मुलगी थांबते, पण तिचे मन त्या वॉर्डात राहत नाही.

खाटांच्या आकड्याचा आणखी एक संबंध आहे, तो पगाराशी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाची शिफारस खाटांप्रमाणेच केली: दोनशेहून अधिक खाटा असतील तर त्या राज्यातल्या शासकीय परिचारिकेइतका पगार, शंभरावर असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभरमध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही किमान २०,००० रुपये. ही शिफारस आहे, कायदा नाही, आणि लहान गावातल्या पगारांशी तिची तुलना केली तर अंतर मोठे दिसते. पण अर्ज करणाऱ्या मुलीला ती माहीत असावी. 'अपेक्षित वेतन' या रकान्यात 'संस्थेच्या नियमानुसार' असे लिहिण्याची सवय आपल्याकडे आहे. त्या रकान्यात आकडा लिहिण्याचा हक्क तिला आहे आणि त्याला आधारही आहे.

मालक कागद देत नाही तोवर मुलीने काय करावे, यावर सरांचे उत्तर व्यावहारिक आहे. रुजू होतानाचे नेमणूकपत्र मागावे; लेखी मिळत नसेल तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप जपून ठेवावा. पगार खात्यात मागावा. दर महिन्याचे ड्युटीचे वेळापत्रक, ज्यावर फक्त स्वतःच्या नावाची ओळ असेल असे, लिहून ठेवावे. एक वही करावी आणि तिच्यात आठवड्याला चार ओळी लिहाव्यात: कोणत्या विभागात काम केले, कोणती नवी गोष्ट प्रथमच हाताने केली, कोणाच्या देखरेखीखाली, कुठे चूक होता होता वाचली. रुग्णाचे नाव त्यात येऊ नये. दोन वर्षांनी जाहिरात निघते तेव्हा मुलीला स्वतःचेच काम आठवत नाही. मग ती दुकानदाराच्या संगणकातले गुण उचलते. ही वही असेल तर अर्जातली पाचही वाक्ये तयार असतात. अर्ज जाहिरातीनंतर लिहायला बसायचे असते हा समजच चुकीचा आहे. तो रोजच्या ड्युटीवर थोडाथोडा लिहिला जातो आणि जाहिरातीनंतर फक्त निवडला जातो.

सिस्टर : वहीची कल्पना चांगली आहे. आमच्या वेळी असती तर मला निवृत्तीच्या दिवशी आठवावं लागलं नसतं. पण परदेशी जाणाऱ्यांचं काय? सगळ्या मुलींचा डोळा तिकडं लागला आहे. जर्मनीच्या नावानं गावागावांत क्लास निघाले आहेत.

सर : त्यांना तर नेमकेपणा जास्तच लागतो. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिका आहेत. तिथं आधी जर्मन भाषेची पातळी गाठायची आणि मग शिक्षणाची मान्यता मिळवायची. त्यांच्या अर्जात तारखा ओळीनं लागतात आणि मधे मोकळा काळ दिसला तर तो विचारतात. इंग्लंडच्या अर्जात प्रत्येक जागेसोबत अपेक्षित पात्रतांची यादी दिलेली असते आणि उमेदवारानं एकेका मुद्द्याला आपल्या कामातलं उदाहरण द्यायचं असतं. तिथं तुमचा सर्पदंश आणि काचेची नळी कामाला येते. आखाती देशांत डेटाफ्लो नावाची पडताळणी असते; ती मंडळी थेट तुमच्या जुन्या हॉस्पिटलला विचारतात, ही मुलगी या तारखांना तुमच्याकडं होती का? ज्यांनी एजंटच्या सांगण्यावरून वर्षभराचा अनुभव जास्त दाखवला, त्यांचं प्रकरण तिथंच फसतं आणि तो शिक्का पुढं दुसऱ्या देशातही आडवा येतो. सौदी, कुवेत अशा देशांत परिचारिका पाठवण्याचं काम केंद्रानं २०१५ मध्ये ठरावीक सरकारी संस्थांकडं सोपवलं, हेही आपल्याकडच्या पालकांना माहीत नसतं. ते एजंटला लाखानं पैसे देतात.

सिस्टर : मधला मोकळा काळ म्हणालात, तेवढ्यावर थांबा. आपल्याकडं हाच मोठा प्रश्न आहे. मुलगी मिरजेला आयसीयूत दोन वर्षं काम करते, लग्न होऊन माणला किंवा जतला जाते, दोन मुलं होतात, सासूचं आजारपण काढते आणि सहा वर्षांनी परत नोकरी शोधते. ती अर्ज लिहायला बसली की त्या सहा वर्षांपाशी तिचं पेन थांबतं. कुणी मधल्या वर्षांसाठी ओळखीच्या दवाखान्याचं खोटं प्रमाणपत्र घ्यायला सांगतं.

सर : ते घेऊ नये. सरळ एक ओळ लिहावी: 'जून २०१८ ते मे २०२४ कौटुंबिक जबाबदारीमुळे सेवेत खंड.' त्याच्या खाली, परत येण्यासाठी काय केलं ते. एखादं अल्पमुदतीचं प्रशिक्षण, जीवरक्षण प्रशिक्षणाचं ताजं प्रमाणपत्र, गावच्या आरोग्य शिबिरात केलेली मदत. आणि कुठल्या विभागात पहिले तीन महिने देखरेखीखाली काम करायची तयारी आहे, हेही लिहावं. मला वाटतं, अशा मुलीला घ्यायला चांगली मेट्रन नाही म्हणणार नाही.

सिस्टर : मी नाही म्हणाले नसते. आयसीयूत लगेच टाकलं नसतं, मेडिकल वॉर्डात दोन महिने ठेवलं असतं आणि रोज एक जुनी सिस्टर बरोबर दिली असती. पण तुम्ही तिला अर्ज शिकवताना एक विसरलात. परिषदेची नोंदणी पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. सहा वर्षं घरी बसलेल्या मुलीची ती संपलेली असणार. तिच्या अर्जात हजार चांगल्या गोष्टी असल्या आणि नोंदणीची तारीख गेलेली असली तर पुढं वाचायला कुणी बसणार नाही. तिला सांगा, अर्ज पुढच्या महिन्यात लिही. या आठवड्यात नूतनीकरणाचे आणि नावबदलाचे कागद परिषदेकडं टाक, आणि जुन्या हॉस्पिटलात जाऊन प्रमाणपत्रावर खाटांचा आकडा घालून आण.